धक्क्यावर ‘येतो’ म्हणू नये

३ नोव्हेंबर, सोमवार

पोहोचले बाई एकदाची! सहा तासांच्या बसनं हाडं खिळखिळी केली, पण शेवटच्या वळणाला समोर समुद्र असा काही उघडला की शेजारी झोपलेल्या बाईला मी कोपरानं ढोसून उठवलं. तिनं एक डोळा उघडून समुद्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा झोपली. इथलीच असणार.

ही वही दादानं दिली. तुझ्या तोंडाला कुलूप नाही आणि नव्या गावात ऐकून घेणारं कोणी नाही, तेव्हा वहीचं डोकं खा, असं म्हणाला. दादा माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा. आईवडील गेले तेव्हा मी सात वर्षांची होते. माझ्या वेण्या घालण्यापासून शाळेच्या दारात उभं राहण्यापर्यंत सगळं त्यानंच केलं, आणि ते करता करता स्वतःचं लग्न करायचं राहून गेलं. त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. मी सदैव त्याच्या मागे, म्हणून माझं नाव पडलं शेपूट. चपला घालता घालता तो हाक मारायचा, “शेपटे, येतेस का?” आणि मी हातातलं असेल ते टाकून “आले!” म्हणत धावायचे. आता एकेचाळीस वर्षांची घोडी झाले, तरी त्याच्या हाकेला माझ्या तोंडून दुसरं उत्तर निघत नाही.

एकोणीस वर्षं मी बसच्या आरक्षणाच्या खिडकीत काढली. ती खिडकी बंद झाली आणि ही नोकरी मिळाली. काम म्हणजे मार्लिनच्या शिकारीच्या सहली आखायच्या. मार्लिन म्हणजे भाल्यासारख्या नाकाचा, माणसापेक्षा लांब मासा. दादाच्या दुकानात तीस वर्षांपूर्वीच्या कॅलेंडरचं एकच पान अजून लटकतंय, त्यावर उसळी मारलेला मार्लिन आहे. महिने गेले, वर्षं गेली, मासा काही खाली आला नाही. नोकरीचं कळल्यावर दादा पोरासारखा नाचला.

खाली कचेरी, वर माझी खोली. मध्ये चौदा लाकडी पायऱ्या आहेत आणि खालून तिसरी कुरकुरते. खिडकीतून धक्का आणि बोट दिसते. मालकीणबाई साठीच्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, बोलणं मोजून. दुपारी चारला बोट परतली, तर त्यांनी डबीतून कापूस काढून दोन्ही कानांत घातला आणि पंधरा मिनिटं डोळे मिटून बसल्या. बोटीचा भोंगा सोसत नसावा बिचारीला.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज बोट पाहिली. कप्तान म्हणजे जाडजूड गृहस्थ, दाण्यांची पुडी सदैव हातात. खलाशी इतका उंच की केबिनच्या दारात त्याला रोज कपाळमोक्ष ठरलेला. सगळे त्याला लंबू म्हणतात. दोघंही हौसेनं दाखवत होते. दोन बाजूंना पसरलेल्या लांब काठ्या, त्यावरून मागे ओढत न्यायची खोटी मासळी, बर्फाचा कप्पा. आणि बोटीच्या मागच्या टोकाला पक्की बसवलेली ती खुर्ची. मासा गळाला लागला की पाहुण्यानं तीत बसायचं, कमरेला पट्टा, पाय फळीला टेकवलेले, गळाच्या काठीचं बूड मांड्यांमधल्या खोबणीत, आणि मग तासन्‌तास ओढाताण. खुर्ची गोल फिरते. काम नसेल तेव्हा तिचं तोंड समुद्राकडे ठेवतात.

निघताना मी सवयीनं म्हटलं, “बरं, येते हं मी.”

लंबूच्या हातून बादली पडली. कप्तान दाणे चावायचे थांबले. मी काय म्हणाले ते त्यांनी पुन्हा विचारलं, आणि मी पुन्हा सांगितलं, येते म्हणाले. कप्तानांनी पाण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले की गावात काय हवं ते म्हणा, पण धक्क्यावर ‘जाते’ म्हणतात.

मला हसूच आलं. लहानपणी मी एकदा ‘जाते’ म्हणाले तर आईनं धपाटा घातला होता. जाते नाही, येते म्हणावं! इथे उलटाच न्याय. नवं गाव, नवी तऱ्हा.

८ नोव्हेंबर, शनिवार

धक्क्यावरच नाही, अख्ख्या गावातच ही खोड आहे. दूधवाला दारात बाटली ठेवतो आणि ‘जातो’ म्हणतो. वाणी दुकान ओढून घेताना ‘जातो’ म्हणतो. दवाखान्यात आजाऱ्याला भेटून निघणारी मंडळीही खुशाल ‘जातो’ म्हणून मोकळी. मालकीणबाई तर दोन्ही म्हणत नाहीत, नुसत्या उठून चालू लागतात. मी मात्र माझ्या आईची लेक. वाण्याला ठणकावून ‘येते’ म्हणून आले.

कामावर हात बसला. प्रत्येक सहलीचा एक कागद असतो, त्यावर चार पाहुण्यांच्या चार ओळी: नाव, वजन, जॅकेटचं माप, बोट लागते का, खुर्चीत बसायचा क्रम. वजन नीट हवं, कारण त्यावर बोटीचा तोल आणि पट्ट्याची लांबी ठरते. मग हवेचा अंदाज, भरती-ओहोटी, बर्फ, डबे. पहाटे साडेपाचला निघायचं, चारला परत. चार माणसांच्या सहलीत चाळीस गोष्टी चुकू शकतात, आणि त्या चुकू न देणं यात मला फार मजा येते. कुणाला स्वयंपाक आवडतो, मला रकाने आवडतात.

आज मालकीणबाईंना विचारून २८ तारखेला दादाची जागा धरली. त्या दिवशी तो पंचावन्न पुरा करतो. सोबत एका बँकेतले तिघं कारकून आहेत. वाढदिवसाची भेट म्हणून पहिला मासा दादाचा, हे मी परस्पर ठरवून टाकलंय. खुर्चीतला क्रम: पहिला!

१२ नोव्हेंबर, बुधवार

एक गंमतच झाली. कालच्या सहलीचा कागद बोटीवरून परत आला, तो फायलीत लावताना दिसलं की चार ओळींच्या खाली पेन्सिलनं पाचवी ओळ आखलीय. त्यात लिहिलंय: शेपूट. ६१ किलो. जॅकेट मधलं. बोट लागत नाही. खुर्चीतला क्रम: शेवटचा.

अक्षर माझंच. माझा ‘श’ पोटाला जरा जास्त सुटलेला असतो, तसाच.

चाळा म्हणून मीच लिहिलं असणार. आरक्षणाच्या खिडकीतही फोनवर बोलताना मी कागदावर काहीबाही गिरवायचे. फक्त एवढंच की मी पेन्सिल वापरत नाही. आणि शेपूट हे नाव मी इथे कुणाला सांगितलेलं नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पाचवी ओळ रोज येते. मी कागद देते तेव्हा ती नसते, परत येतो तेव्हा असते. लंबूला विचारलं तर त्यानं कानाच्या पाळ्यांना हात लावले. मी त्याला रागावले, मग वाईट वाटलं, आणि त्याला चहा दिला.

आणि खुर्ची. धक्क्याला बांधलेल्या बोटीवरची ती खुर्ची माझ्या खिडकीकडे तोंड करून असते. सकाळी लंबू ती समुद्राकडे फिरवतो. दुपारी बघावं तर पुन्हा माझ्याकडे. वारा असेल म्हणावं, तर वाऱ्यानं खुर्चीची बैठक ओली कशी होईल? भर उन्हात बाकी डेक कोरडा ठणठणीत, आणि बैठकीवर तेवढं पाणी. कुणी ओल्या अंगानं आत्ताच उठून गेल्यासारखं.

आजच्या कागदावर वजन ६० आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

वाण्याच्या काट्यावर उभी राहिले. अठ्ठावन्न. जेवण जात नाही, उतरणारच. कचेरीत परतले तर मालकीणबाईंच्या टेबलावर आजचा कागद होता. शेपूट. ५८ किलो.

मी सगळं बोलून टाकलं. त्यांनी मान वर केली नाही. मी धक्क्यावर ‘येते’ म्हणाले होते का, एवढंच विचारलं. मी हो म्हटल्यावर चष्मा काढून पुसत राहिल्या.

मग त्यांनी सांगितलं. धक्क्याखालच्या पाण्यात जे आहे त्याला नाव नाही, रूप कुणी पाहिलेलं नाही. त्याला रीतभात कळत नाही, फक्त शब्द कळतो. ‘येते’ म्हटलं की ते खरं मानतं आणि वाट बघत बसतं. शब्द परत घेता येत नाही. धक्क्यापासून लांब राहिलं तर ते थांबतं, कितीही वर्षं थांबतं, पण विसरत नाही. सुटका एकच. आपल्या माणसानं आपल्या बदली येतो म्हणायचं.

नव्या नवरीच्या कौतुकात त्या स्वतः म्हणाल्या होत्या, बोटीला हात हलवून. यजमानांना ही भीती खोटी वाटली. बायकोची समजूत काढायची म्हणून हसत म्हणाले, तुझ्या बदली मी येतो, झालं? मग मात्र बोटीच्या कागदावर स्वतःचं नाव उतरलेलं पाहिलं आणि घाबरून त्यांनी चार महिने बोट बंद ठेवली. एक दिवस धक्क्याच्या शेवटच्या पायरीवर पाय धुवायला वाकले. पाणी घोट्याएवढं होतं. तेवढ्या पाण्यात सापडलेच नाहीत.

मग तुम्ही हे गाव सोडून का गेला नाहीत, असं मी विचारलं. जाऊ कुठे, ते इथेच आहेत, म्हणाल्या. तेवढ्यात चार वाजले आणि त्यांनी कापसाची डबी उघडली.

२० नोव्हेंबर, गुरुवार

मी मूर्ख आहे. मूर्ख, मूर्ख.

दादाला फोन केला की येऊ नकोस. का, म्हणून त्यानं विचारलं. बोट नादुरुस्त आहे म्हणाले, तर म्हणतो नुसता समुद्र बघेन. हवा खराब आहे म्हणाले, तर म्हणतो आठ दिवस आहेत, सुधारेल. आयुष्यात पहिल्यांदा दुकानाला आठवडाभर कुलूप लावणार होता. कॅलेंडरचं पान सुरनळी करून बॅगेत ठेवलंय म्हणाला.

शेवटी मला रडू आलं आणि मी सगळं सांगितलं. पाचवी ओळ, खुर्ची, वजन, सगळं. सगळंच! बदलीचं सुद्धा. त्याला वाटलं असणार, एकटी राहून पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. लहानपणी मी अंधाराला घाबरायचे तेव्हा बोलायचा तसा, अगदी त्याच आवाजात, म्हणाला की तू मुळीच जाऊ नकोस त्या बोटीवर. तुझ्या बदली मी येतो ना.

मी किंचाळले. फोनमध्ये आधी त्याचा आवाज होता. मग पाणी हलल्याचा आवाज आला. त्याच्या दुकानात पाणी नाही, तांब्यासुद्धा नाही.

टेबलावर २८ तारखेचा, मी अजून न भरलेला कागद होता. पाचव्या ओळीत शेपूट खोडलेलं. त्याखाली: दादा. ७४ किलो.

खिडकीतून पाहिलं. खुर्चीनं तोंड फिरवलं होतं. ती आता रस्त्याकडे बघत होती, जिथे बस थांबते.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

काल मला गाढ झोप लागली. दहा दिवसांत पहिल्यांदा. सकाळी भूक लागली आणि मी दोन अंडी खाल्ली. तिसरं फोडताना कळलं की मला बरं वाटतंय.

हे मी लिहून ठेवते. माझ्या भावाला माझ्या जागी बसवलं गेलं आणि मला बरं वाटलं. क्षणभर का होईना, वाटलं. अंडं मोरीत ओतलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

धक्क्यावर गेले. अगदी टोकाशी. पाण्याकडे तोंड करून ओरडले, मीच येते. माझाच शब्द आहे, मीच येते. घसा फाटेपर्यंत, पुन्हा पुन्हा.

पाणी हललं नाही. पण ते ऐकत होतं. कसं सांगू? समोरचा माणूस पाठ करायला म्हणून ऐकतो ना, तसं.

कप्तानांनी दंडाला धरून मागे आणलं. म्हणाले, बाई, आता गप्प बसा, जास्त बोलू नका त्याच्याजवळ. मी त्यांचे पाय धरले, दादाला नेऊ नका म्हणून. ते म्हणाले, नेलं नाही तर तो धक्क्यावर तर येईल? तोंड धुवायला पायरीवर तर उतरेल? मालकांचं तसंच झालं. त्यापेक्षा माझ्या बोटीवर असू दे, अंगात जॅकेट, कमरेला दोर, आजूबाजूला माणसं. मी जीव लावीन. त्यांचे डोळे भरले होते. दाण्यांची पुडी पाण्यात पडली ती त्यांना कळलीही नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

मला येतं ते एकच. कागद.

२८ तारीख. दादा खुर्चीत बसणार नाही. क्रम रद्द. केबिनच्या दाराशी बसेल. दोन जॅकेटं, एकावर एक. कमरेला दोर, दुसरं टोक कठड्याला. लंबू दुसरं काहीही करणार नाही, फक्त दादाला धरेल. डेकवर पाणी मारायचं नाही. बारा वाजता परत फिरायचं, मासा लागलेला असो वा नसो. दर अर्ध्या तासानं वायरलेस. सोळा सूचना झाल्या. कप्तानांनी प्रत्येकीखाली सही केली.

काल रात्री कागद उशाखाली ठेवला होता. सकाळी पाहिला. सतरावी सूचना होती. माझंच अक्षर, पेन्सिलनं.

खुर्चीतला क्रम: शेवटचा.

२६ नोव्हेंबर, बुधवार

परवाच सुचायला हवं होतं. मीच घरी जायचं, त्याला तिथेच कोंडून ठेवायचं. पहिली बस धरली. सहा तास. दुकानाला कुलूप. शेजारचा शिंपी हसत म्हणाला, अहो, ते पहाटेच गेले, दोन दिवस आधी जाऊन तुम्हाला चकित करणार होते.

घाटात समोरून एक बस गेली होती. मी तिच्याकडे पाहिलंही होतं.

इथून परतीची बस उद्या सकाळी. कचेरीत फोन लावला. कुणी उचलत नाही. मी दुकानाच्या पायरीवर बसलेय. इथेच तो चपला घालायचा.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आहे! दादा आहे! माझ्या खोलीत, माझ्या खुर्चीत, चष्मा नाकाच्या टोकावर. माझं भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं मागे पडतं म्हणून खोलून बसला होता. भिंतीला कॅलेंडरचं पान टाचलंय.

मी त्याच्या गळ्यात पडून रडले. त्यानं माझं मनगट हातात घेऊन पाहिलं, किती वाळलीस म्हणाला. मी हात जोडले. जाऊ नको. तुझा विश्वास नसला तरी माझ्यासाठी जाऊ नको. त्यानं एकदा त्या पानाकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं. मग म्हणाला, बरं. नाही जात.

नाही जात म्हणाला. ‘जात’ म्हणाला, ‘येत’ नाही. हे चालेल ना?

दोन रात्री झोपले नाहीये. दाराला कडी लावलीय. दाराला टेकूनच बसते—

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी ७. दारापाशी नव्हते. पलंगावर होते, अंगावर पांघरूण. त्यानंच उचलून ठेवलं असणार. कडी काढलेली. घड्याळाखाली चिठ्ठी:

“शेपटे, गाढ झोपली होतीस, उठवलं नाही. रागावू नकोस. तीस वर्षं ते पान बघतोय गं. तुझा कागद वाचला, खुर्चीत बसणार नाही, नुसता बघेन. चारला येतो.”

येतो. लिहून दिलं. सहीनिशी.

८.०० वायरलेस. सगळं ठीक. दादा केबिनच्या दाराशी. दोर बांधलेला. आत्ताच परत आणा म्हटलं, तर कप्तान म्हणाले, धक्क्यापेक्षा बोटीवर बरा, बाराला फिरतोच.

९.३० ठीक.

१०.०० ठीक. दादा बँकवाल्यांना घड्याळांचे विनोद सांगतोय म्हणे. मागून त्याचं हसू ऐकू आलं. मालकीणबाई माझा हात धरून बसल्यात.

११.१० मासा लागला. फार मोठा. बँकेतला एक जण खुर्चीत. मी विचारलं दादा कुठे. दाराशीच.

११.४० त्याचे हात गेले. दुसरा बसला. दादा—दाराशी. उभा राहिलाय. मी म्हटलं फिरा मागे. कप्तान म्हणतात बोट फिरत नाहीये, मासा ओढतोय.

११.५५ तिसराही उठला. हाताची सालटी निघाली. खुर्ची रिकामी, काठी खोबणीत. कुणीतरी धरायला हवी नाहीतर—कप्तान कुणावर तरी ओरडतायत. नको म्हणून ओरडतायत

१२.०५ काही नाही. नुसती खरखर.

१२.२० पुन्हा कप्तानांचा आवाज. खुर्ची रिकामी आहे.
पट्टा बांधलेला. बक्कल लागलेलंच. दोराची गाठ तशीच, फास तसाच. आत कोणी नाही.

४.०० भोंगा.

तिघं बँकवाले उतरले. कप्तान उतरले. लंबू खाली वाकला नाही, कपाळ आपटलं, रक्त आलं, पुसलं नाही. काय झालं ते त्याच्याकडून काढून घेतलं मी. त्याचे दोन्ही हात दादाच्या कमरेभोवती होते. दादा मासा ओढत होता आणि पोरासारखा हसत होता. मग एकदम थांबला. डावीकडे पाण्याकडे मान वळवली. काठी सोडली. आणि म्हणाला—

“आलो गं शेपटे, आलो.”

मी तर इथे होते. मी इथे होते, वायरलेसपाशी.

शनिवारी धक्क्यावर किती वेळा ओरडले मी? माझा आवाज मीच तिथे ठेवून आले.

२९ नोव्हेंबर, शनिवार

बोटी शोधून परतल्या. नाही.

मी धक्क्यावर जाऊ शकते आता. काही होत नाही. पायरीवर बसले, पाण्यात पाय सोडले. कोमट पाणी. मला नको आहे ते त्याला. माझी ओळ खोडलेली आहे.

३.३० मालकीणबाई वर आल्या. कापसाची डबी माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, रोज चारला. पंधरा मिनिटं. उत्तर द्यायचं नाही. दिलं की नवा शब्द होतो, आणि मग बदली यायला कोणी उरलेलं नसतं. चाळीस वर्षं झाली, मी एकदाही दिलं नाही. मग खाली गेल्या. काही न म्हणता.

म्हणजे कापूस भोंग्यासाठी नव्हता.

३.५० कापूस घातला. घट्ट. कानांत माझंच रक्त वाजतंय.

३.५५ यजमान चाळीस वर्षं त्यांना हाक मारतात आणि त्या ऐकत नाहीत. कसं जमतं? मला एकदा तरी—नाही.

३.५८ घड्याळ परवा त्यानं लावून दिलंय. सेकंदाचा फरक नाही.

४.०० खालून तिसरी पायरी. ऐकू नाही आलं. पलंगाखालची फळी हलली, त्यावरून कळलं. कापूस आहे. कापूस आहे अजून.

फक्त त्याचा आवाज. मग परत घालीन. त्याचा आवाज पुन्हा कधी—

काढला.

चपला. ओल्या चपला पायात सारल्याचा आवाज. दारापाशी. माझाच दादा, हुबेहूब, जरा दम लागलेला. शेपटे, येतेस का?

तोंड उघडणार नाही. लिहीत राहते. लिहीत राहिलं की तोंड बंद राहतं. दात घट्ट धरलेत. तोंडातून अक्षर काढणार नाही, हात काय लिहायचं ते लिहू दे, तोंड मात्र

शेपटे?

हातात पेन्सिल आहे. मी पेन्सिल वापरत ना

आले दादा आ